स्वल्प खा की

माणसाला खायला घालून मारणारी गावं असतात, आणि त्यात आपली हुबळी पहिल्या पंगतीला बसेल. खोटं वाटत असेल तर दाजीबानपेठेतल्या मधुकर पिसेला विचारा. तो सांगेल, आणि सांगताना तोंड असं वाकडं करील, की घासात केस निघालाय असं वाटावं.

मधुकरचं पेठेत मॅचिंग सेंटर आहे. बायका साडी घेऊन येणार, पदर काउंटरवर पसरणार, आणि मधुकर मागच्या फळीवरून त्याला जुळणारा ब्लाउजपीस ओढून काढणार. नुसत्या हिरव्यातच पोपटी, शेवाळी, मोरपंखी, बाटलीहिरवा असे ढीगभर प्रकार. पण हा गडी कधी चुकला नाही. ट्यूबलाइटखाली तो रंग ठरवायचाच नाही. पदर नि पीस घेऊन दुकानाच्या पायरीवर यायचं, उन्हात एकावर एक धरायचं आणि मगच "हां, घ्या" म्हणायचं, ही त्याच्या बापाची, महादेव पिसेची, रीत. शिंप्याची जात. डोळा हेच भांडवल.

त्याची दुसरी कीर्ती खाण्याची. लग्नघरी यजमान त्याला हुडकून पहिल्या पंगतीत बसवायचे, कारण तो बसला की पंगतीला रंग चढायचा. शेंगा होळिगे, म्हणजे शेंगदाण्याची पोळी, तिच्यावर तुपाची धार. वाढणारे दमायचे, मधुकर दमायचा नाही. लोक टाळ्या वाजवायचे. आता त्या टाळ्या आठवल्या तरी त्याला शिसारी येते. "पोळ्याच्या बैलासारखं चारलं मला," तो म्हणतो, "आणि मी मेला मान डोलवत बसलो."

व्हायचं तेच झालं. माणूस दारात मावेना झाला, रक्तात साखर शिरली आणि त्या साखरेनं डावा डोळा खाल्ला. उजव्यालाही निळं नि हिरवं एकच दिसायला लागलं. डोळ्याच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, डाव्यातलं गेलं ते गेलं. उजवा वाचवायचा तर साखर खाली आली पाहिजे आणि खालीच राहिली पाहिजे. इन्सुलिन वाढवून वाढवून झालं होतं. शेवटी वजनाचं ऑपरेशन ठरलं. पोट सुटलंय म्हणून नव्हे, उजव्या डोळ्यासाठी मधुकर त्या टेबलावर झोपला.

ऑपरेशनवाले डॉक्टर म्हणाले, याला स्लीव्ह म्हणतात. मधुकरला त्या अवस्थेतही हसू आलं. "म्हणजे बाही? बाह्या लावण्यात आमच्या सात पिढ्या गेल्या की हो." पोटाची पिशवी कापून बाहीएवढी अरुंद ठेवली. घरी सोडताना डॉक्टरांनी मधुकरच्या बायकोला, अनिताला, समोर बसवून एकेक गोष्ट समजावली. आधी उसळ, डाळ, पनीर, अंडं, दही. मग भाजी. भात-भाकरी राहिलेल्या जागेत. गोड बंद. जेवताना पाणी नाही, नंतर अर्ध्या तासानं. घास पीठ होईपर्यंत चावायचा. गोळ्या जन्मभर. एवढं सगळं झाल्यावर, डॉक्टर पडले कन्नड माणूस, उठता उठता मधुकरच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "स्वल्प स्वल्प तिन्रि, अण्णा." थोडं थोडं खा.

झालं. तेवढं एक वाक्य पेठेच्या आणि नात्यागोत्याच्या कानात राहिलं. बाकीचं सगळं दवाखान्याच्या दारातच सांडलं.

पहिलं वर्ष बरं गेलं. अनिता वाटीत मुगाची उसळ आणि पनीरचे चार तुकडे द्यायची, मधुकर ते रवंथ केल्यासारखं चघळत बसायचा. अंग उतरलं, इन्सुलिनची सुई सुटली, सदरे आत घ्यावे लागले. एके सकाळी पायरीवर उभं राहून त्यानं कापडाचा एक तुकडा उन्हात धरला आणि अनिताला फोन लावला. "निळा आहे गं," एवढंच म्हणाला.

मग ते स्वल्प सुरू झालं.

आपल्याकडं पानावर "नको" म्हणायची सोय नाही. "साकु", म्हणजे पुरे, म्हटलं तर ते रीत म्हणून म्हटलंय असं धरून आणखी वाढतात. "ब्याड", म्हणजे नकोच, म्हटलं तर वाढणाऱ्याचं तोंड उतरतं. मग मधला मार्ग निघतो तो स्वल्प. शेजारच्या होलसेलवाल्याचा मुलगा पास झाला, स्वल्प पेढा. देवळातला शिरा, त्याला नको म्हणणारा कोण निपजलाय, तोही स्वल्प. गिऱ्हाइकं घरचा लाडू आणून काउंटरवर मोडायची आणि वर म्हणायची, "ऑपरेशन झालंय म्हणून तर एवढासाच दिलाय, अण्णा." माया म्हणायची ही. विष द्यायचं झालं तरी या गावात वाटीत घालून, वर तूप सोडून, स्वल्पच देतील.

आणि चहा. पेठेत पुरा चहा कुणी पीतच नाही. बाय टू सांगायचा, एक कप दोघांत. गिऱ्हाईक आलं, बाय टू. दलाल आला, बाय टू. आणि अर्धा चहा हा चहा धरत नाहीत, असा इथला हिशेब. मधुकरही धरत नव्हता. सकाळपासून दिवे लागेपर्यंत ते गोडमिट्ट, साय धरलेले अर्धे पेले घशाखाली ओतायचा, आणि विचाराल तर त्यानं चहा सोडलेला होता.

त्यात बाहीची खोड अशी, की उसळ-भाकरीनं ती चार घासांत भरते, पण पेढा, शिरा, चहा त्यातनं सुळकन खाली उतरतात. जे खायचं त्याला जागा नाही आणि जे खायचं नाही त्याला दार सताड उघडं. घरी आल्यावर अनितानं वाटी पुढं केली की हा म्हणायचा, "पोट भरलंय." ती बिचारी खूश. ऑपरेशन अजून काम करतंय असं तिला वाटायचं.

मग एक दिवस वनिता टीचर, जुनं गिऱ्हाईक, पिशवी घेऊन परत आल्या. "अण्णा, निळ्या साडीवर पीस नेला होता मी. तुम्ही हिरवा दिलाय की." मधुकर साडी नि पीस घेऊन पायरीवर आला. उन्हात एकावर एक धरले. डोळे पुसले, पुन्हा धरले. त्याला दोन्ही एकच दिसत होते. टीचरनी चांगलेपणानं पीस बदलून घेतला, नवा त्यांनीच फळीवरून निवडला, आणि कुठं काही बोलल्या नाहीत.

रक्त तपासलं. साखर परत आली होती.

"काय खाता?" डॉक्टरांनी विचारलं.

"काहीच नाही," मधुकर म्हणाला. अनितानंही देवाशपथ सांगितलं, उसळसुद्धा जात नाही हो त्यांना.

"चहा?"

"चहा नाही. बाय टू."

"बाय टू किती?"

मधुकर बोटं मोजायला लागला. एका हाताची संपली, दुसऱ्याची संपली, मग त्यानं हात मांडीवर ठेवले. अनिता त्याच्याकडं बघत राहिली. तिच्या नजरेत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"दोन बाय टूंचा एक चहा होतो, अण्णा," डॉक्टर म्हणाले. "आणि मी स्वल्प म्हणालो ते उसळीला. पेढ्याला नव्हे. कापड ताणत राहिलं की सैल पडतं, हे मी तुम्हाला काय सांगू? ही बाही सैल पडली तर मला दुसरी शिवता येईलही. डोळा शिवता येत नाही."

अर्ध्या अर्ध्या मीटरचा एक मीटर होतो हे शिंप्याला दुसऱ्यानं सांगावं लागलं. मधुकरला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग किळस आली. कोप्पीकर रोडनं जाताना काळ्या तेलात तळणारी मिरची भजी, ती खाणाऱ्यांची चपचपीत बोटं, ती बोटं चाटणाऱ्या जिभा, सगळं बघून त्याला मळमळायचं. पण खरी घाण पुढंच. तोच वास नाकात गेला की तोंडाला पाणी सुटायचं. मन ओकायला निघालेलं आणि जीभ लाळ गाळतेय. असल्या जिभेचं माणसानं काय करावं?

अशातच त्याच्या थोरल्या बहिणीकडं, सखूबाईकडं, जुन्या हुबळीत साखरपुडा निघाला. तिच्या मुलाचा, अभिषेकचा. मधुकर सख्खा मामा, जाणं भाग. आई भागीरथी लवकर गेली, तेव्हा याच अक्कानं त्याला मांडीवर घेऊन भरवलं होतं. अनितानं मटकीची उसळ नि पनीर डब्यात घेतलं. सखूनं डबा बघितला आणि कपाळाला हात लावला. "सोयऱ्यांपुढं पंगतीत डबा उघडणार तुम्ही? माझ्या घरात शिजलं नाही काय?" डबा मागच्या मोरीजवळच्या कट्ट्यावर गेला आणि मधुकर पहिल्या पंगतीत.

पान वाढलं. त्यानं वरणाच्या वाटीत बोट बुडवून नुसतं बसायचं ठरवलं होतं. तेवढ्यात सखू होळिगेचं ताट घेऊन आली. पानात वाढलं नाहीच; तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि थेट त्याच्या तोंडापुढं धरला.

"आ कर. स्वल्प."

"साकु, अक्का."

"खाल्लं नाहीस आणि साकु कसलं?"

पंगतीतला कुणी एक ओळखीचा म्हणाला, "अरे हे पिसेअण्णा, एके काळी ताट रिकामं करायचे." आणि त्या मूर्खानं टाळी वाजवली. दुसऱ्यानंही वाजवली. तुपाचा ओघळ सखूच्या मनगटावरून बांगड्यांत शिरत होता.

"ब्याड, अक्का," मधुकर म्हणाला.

सखूचं तोंड उतरलं. "ब्याड म्हणतोस मला? परका झालास?"

"अक्का, तुझ्या लुगड्याचा रंग कुठला?"

"काय?"

"सांग की."

"वांगी की रे. तूच दिलंस भाऊबीजेला. पायरीवर उन्हात धरून निवडलं म्हणाला होतास."

"मला ते तपकिरी दिसतंय."

सखूचा हात खाली आला. तिला कळलं, अगदी खरं कळलं. बाई वाईट नव्हे. डोळे भरून आले, ते तिनं त्याच वांगी पदरानं पुसले. मग हातातल्या तुकड्याकडं बघितलं, भावाकडं बघितलं. तुकडा मधोमध मोडला, अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला आणि अर्धा पुढं केला.

"बरं बाबा," ती रडत रडत म्हणाली, "बाय टू."

पंगतीला हायसं वाटलं. लोक हसले. आणि मधुकरच्या तोंडाला पाणी सुटलं.

तो उठला. पंगतीतनं कुणी मध्येच उठत नाही, बहिणीच्या घरी शुभकार्याला तर नाहीच. त्यानं पान दुमडलं आणि सगळ्यांची पानं नि नजरा ओलांडून मागच्या दारी गेला. मोरीजवळ आधी जेवलेल्या आचाऱ्यांच्या उष्ट्या पानांचा ढीग पडला होता, थिजलेलं तूप, चिवडलेला भात, वर माश्या. अनिता मागोमाग आली. तिनं कट्ट्यावरचा डबा उघडून हातात दिला आणि पदरानं माश्या वारत बाजूला उभी राहिली. आतून सखूचा हुंदका ऐकू येत होता, "माझ्या हातानं भरवून वाढवलं याला." मधुकर उभ्यानंच मटकी चावत होता.

"खरंच वांगी आहे का गं?" त्यानं विचारलं.

"वांगीच आहे," अनिता म्हणाली.

त्यानं मान हलवली आणि घास पीठ होईपर्यंत चावत राहिला.