तीन ट्यूब आणि एक स्टार्टर

आमच्या अमळनेरच्या घरात ट्यूबलाइट तीन आणि स्टार्टर एक. असं दुसरं घर कुणाला माहीत असेल तर मला सांगा, मी तिथल्या सुनेला मुद्दाम भेटायला जाईन.

माझे सासरे, म्हणजे आबा, यांचं म्हणणं सरळ होतं. स्टार्टर ही ट्यूबच्या पट्टीत बसणारी अंगठ्याएवढी डबी. बटण दाबलं की तिच्यातली बारीक पट्टी तापून वाकते, चिकटते, निवली की सुटते आणि त्या झटक्याने ट्यूब पेटते. पेटल्यावर डबी काढून घेतली तरी ट्यूब चालू राहते. मी स्वतः पाहिलंय, त्यामुळे भांडताही येत नसे. रोज दिवेलागणीला आबा स्टुलावर चढून ओसरीवरची ट्यूब लावायचे, स्टार्टर पिळून काढायचे, मग मधली खोली, मग स्वयंपाकघर. तोवर मी अंधारात कणीक मळायची. लाईट मिनिटभर जाऊन आली की सगळी वरात पहिल्यापासून.

वय अठ्ठ्याहत्तर. वर चढले की गुडघे लटपटायचे आणि मी कणकेच्या हातांनी स्टूल धरून उभी. दोन नवे स्टार्टर आणले, ते त्यांनी कपाटात ठेवले. पट्टीत बसवून ठेवले की लवकर जळतात म्हणे. एलईडी आणली, तर ती डोळ्यांना टोचते. नवरा म्हणायचा, तूच सांग, माझं ते ऐकत नाहीत. जसं काही माझं ऐकत होते! पालथ्या घड्यावर पाणी. एक दिवस हा माणूस पडणार, हाडं मोडून घेणार, एवढंच माझ्या डोक्यात असायचं.

शेवटी मी स्टूलच लपवलं. गच्चीच्या जिन्याखाली, तेलाच्या रिकाम्या डब्यांमागे. आबांनी विचारलं तेव्हा शेजाऱ्यांनी मागून नेलं म्हणून सांगितलं आणि मी स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन गिरणीवर दळण आणायला गेले.

परत आले तर ओसरीवर प्लास्टिकची खुर्ची उलटी पडलेली, आबा भिंतीला टेकून बसलेले. उजवं मनगट सुजलेलं, डाव्या मुठीत स्टार्टर. हाड मोडलं होतं. प्लास्टर घातलं.

दुसऱ्या दिवशी भुसावळहून नणंद आली. दारातूनच सुरू: पडले कसे, घरात कोण होतं, सून कुठे होती? मी चहाचा ट्रे घेऊन तशीच उभी.

"मोरीमा पाय घसरना," आबा म्हणाले.

मग तिने अर्धा तास त्यांच्या चपलांचाच उद्धार केला. ती हात धुवायला आत गेल्यावर मी आबांना विचारलं, खोटं कशाला बोललात?

"स्टूल तू दपाडं व्हतं, हाई कोनले सांगू नको. बठ्ठा तुलेच बोलतीन."

सगळे मलाच बोलतील म्हणून खोटं. म्हणजे स्टूल मी लपवलंय हे त्यांना ठाऊक होतं. मग ते काढून का नाही घेतलंत, म्हटलं, त्या हलक्या खुर्चीवर कशाला चढलात?

"जिनाखाले देखं व्हतं मी. काढतू ते तुले वाईट वाटतं."

त्यांचा इतका राग मला कधीच आला नव्हता. वाटलं असतं वाईट, तर वाटू द्यायचं होतं ना, आबा.