वाक्य पुरं करणारे काकाजी
वाळत्या मोहफुलांचा वास आला, की मला आधी रागच येतो. ऐंशीच्या दशकात आम्ही ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहायचो, आणि शेजारच्या काकाजींना दुसऱ्याचं वाक्य आपणच पुरं करायची खोड होती. एका दुपारी ते आमच्याकडे बसले असताना आईचा धाकटा भाऊ तिच्या माहेरून, जिवतीकडून आला. आमच्यात वाईट बातमी दारातच सांगत नाहीत, म्हणून पाणी पिऊन, मोहफुलांचं बोलून मग मामा आईला म्हणाला, "बाई, बाबा पहाटे मोहं वेचाले गेले, अन् झाडाखाली..." "पडले असतील पिऊन!" काकाजी खदखदा हसले. आईलाही हसू आलं. "नाई भाऊ, तिथं..." "समजलं! बहिणीले न्याले आला, मोहं वेचाले!" मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालणं मामाला जमेना. काकाजी उठले, तोवर जिवतीची शेवटची गाडी गेली होती. तेव्हा कुठे मामा रडत म्हणाला, "बाबाले अस्वलानं फाडलं, बाई. तुलेच बोलावून राह्यले होते." दुसऱ्या दिवशी पोचलो, तर आजोबांची माती आटोपली होती. परतल्यावर काकाजी आईला म्हणाले, "मले तं वाटलंच होतं." आज कोणी मधेच माझं वाक्य पुरं करू लागलं, की मी ओरडतेच. लोक म्हणतात, एवढ्याशा गोष्टीवर काऊन चिडतेस?