कडब्यातला फ्रीज

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. त्यामुळे मी नेमकं काय शिकते हे घरी कुणालाच धड सांगता येत नाही. समाजकार्य, असं मी सांगते. वडील पाहुण्यांना सांगतात, "पोरगी समाजाचं शिकायलीय." पाहुणे विचारतात, "कुठल्या समाजाचं?" मग वडील माझ्याकडं बघतात आणि मी चहा ठेवायला आत जाते.

गेल्या हिवाळ्यात कॉलेजनं मला बेळगावातल्या एका प्रोबेशन ऑफिसर मॅडमच्या हाताखाली पाठवलं. अठराच्या आतल्या मुलानं काही गुन्हा केला, तर त्याला घरी पाठवायचं की निरीक्षणगृहात ठेवायचं हे बाल न्याय मंडळ ठरवतं. त्याआधी मॅडम मुलाच्या घरी जाऊन येतात. घर कसं आहे, आईबाप कसे आहेत, पोराला नीट सांभाळतील का, हे बघून अहवाल देतात. मॅडम धारवाडकडच्या, नुकत्याच बदलून आलेल्या. मराठी त्यांना सगळी समजायची, पण राग आला किंवा आश्चर्य वाटलं की कन्नड यायचं. त्यामुळे त्यांना काय झालंय हे भाषेवरून कळायचं, ही माझी सोय होती.

त्यांनी मला पहिल्यांदा सोबत नेलं ते निपाणीजवळच्या एका गावात. मुलगा सोळा वर्षांचा, दहावीतला. निपाणीच्या स्टँडबाहेर लावलेली एक मोटरसायकल त्यानं नेली होती. "किल्ली लावलेलीच होती आक्का," असं त्यानं, निघायच्या आधी आम्ही निरीक्षणगृहात भेटलो तेव्हा, मला अगदी समजावून सांगितलं, म्हणजे चूक किल्लीची. एकदा कोल्हापूर बघायचं आणि गाडी होती तिथं आणून लावायची, असा बेत होता. कोगनोळीच्या नाक्यावर पेट्रोल संपलं. यानं गाडी ढकलत नेली आणि नाक्यावरच्या पोलिसालाच विचारलं, "साहेब, हितं पंप कुठं हाय?" पोलिसानं पंप दाखवला आणि लायसन मागितलं.

हे ऐकताना मला हसू आलं. मॅडमनी डोळे मोठे केले. मुलगा मात्र हसला नाही. त्यानं फक्त एवढंच विचारलं, "घरी कधी सोडनार?" ते आमच्या हातात नव्हतं. मंडळापुढं पहिल्यांदा आणलं तेव्हा वडील रागाच्या भरात बोलून गेले होते, "ठेवा त्याला तितंच." त्यामुळे मंडळाला शंका आली होती की घरच्यांना हा नकोच आहे की काय. आता सगळं मॅडमच्या अहवालावर होतं. घर बरं दिसलं नाही तर मुलगा तिथंच राहणार, आणि दहावीची परीक्षा तोंडावर आलेली.

बसमध्ये मॅडमनी मला एकच नियम सांगितला. गावात कुणालाही कळता कामा नये की आपण कोण आणि कुणासाठी आलोय. कायदाच तसा आहे. मुलाच्या नावाला डाग लागायला नको.

"मग कुणी विचारलं तर काय सांगायचं, मॅडम?"

"काही सांगायचं नाही."

मॅडम शहरात वाढलेल्या. आमच्या भागातल्या गावात बसमधून उतरायचं आणि काही सांगायचं नाही, हे जमणारं काम नाही हे मला माहीत होतं. पण पहिल्याच दिवशी साहेबांना शिकवायला जाणं बरं दिसत नाही, म्हणून मी गप्प बसले.

स्टॉपवर किराणा दुकान होतं. मॅडम पाण्याची बाटली घेत होत्या. दुकानदारानं मला विचारलं, "कुनाकडं आलाय म्हनायचं?"

मला खोटं बोलायचं नव्हतं. खरं सांगायची मनाई होती. मी दोन्हीच्या मधलं एक वाक्य शोधून काढलं.

"सरकारी काम आहे. घरं बघायला आलोय."

मला हे वाक्य इतकं आवडलं की मी ते हसून म्हटलं. दुकानदारानं बाटलीचे सुटे पैसेसुद्धा दिले नाहीत, आत गेला आणि फोन लावला.

मग आम्ही चालायला लागलो. रस्त्यात दोन माणसं एक वॉशिंग मशीन चादर घालून उचलून नेत होती, दवाखान्यात पेशंट न्यावा तसं. एका बाईनं डोक्यावर टीव्ही घेतला होता आणि वर सरपणाच्या चार काटक्या ठेवल्या होत्या. एक म्हातारा नवीकोरी मोटरसायकल उसात घालत होता. आम्हाला बघून तो थांबला आणि गाडीच्या सीटवर हात ठेवून म्हणाला, "माझी न्हाय."

"आज गावात लग्न आहे का?" मॅडमनी विचारलं.

"घर बदलत असतील," मी म्हटलं.

"सगळेच?"

मला खरंच कळलं नाही. मी तेव्हा मनातल्या मनात मुलाखतीचे प्रश्न पाठ करत होते.

घर सापडलं. पत्र्याचं, पण ऐसपैस, पुढं अंगण, बाजूला म्हशीचा गोठा आणि कडब्याची गंजी. आत मुलाची आई आणि वडील बसले होते. वडिलांच्या अंगात एवढ्या भोकांचं बनियन होतं की ते कुठून घालायचं हे ठरवायला वेळ लागला असेल. आणि घरात शेजारचे सहा-सात जण आधीच येऊन बसलेले. त्यातली एक आक्का सगळ्यांची पुढारी होती. आम्ही काही बोलायच्या आत ती म्हणाली, "बाई, ह्यांच्याएवढं गरीब गावात कोन न्हाय. आनि आमीबी ह्यांच्याएवढेच."

मॅडम म्हणाल्या, "आम्हाला घरच्यांशीच बोलायचंय. तुम्ही जरा बाहेर बसाल का?"

"न्हाय न्हाय, आमच्यापासनं काय लपवायचंय!" म्हणून आक्का आणखी मांडी घालून बसली.

आता मॅडमची अडचण झाली. शेजाऱ्यांसमोर मुलाचं नाव काढायचं नाही, आपण कोण ते सांगायचं नाही. त्या साधे साधे प्रश्न विचारायला लागल्या.

"घरात खाण्यापिण्याचं कसं आहे?"

"कुठलं खानं बाई," आई पदर डोळ्याला लावत म्हणाली. "एक येळ जेवतो. कधी तेबी न्हाय."

आतून मटणाच्या रश्श्याचा असा वास येत होता की माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मॅडम शाकाहारी, त्यांना वास कळला नसावा. त्यांनी लिहिलं.

"तुम्ही काय काम करता, अण्णा?"

वडील खोकले. मग आक्काकडं बघून आणखी थोडं खोकले. "काय न्हाय. पडून असतोय."

"आणखी एक माणूस घरात आला तर झोपायला जागा आहे?"

"आमालाच न्हाय!" आक्का मधेच म्हणाली.

मॅडम लिहीत होत्या आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. मी मान वर केली तर समोरच्या भिंतीवर एक मोठा चौकोन दिसला. सगळी भिंत धुरानं पिवळी, आणि तेवढा चौकोन पांढराशुभ्र. वर खिळा. खाली लोंबती केबल.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या दिवसांत बीपीएल कार्डांच्या तपासणीची हवा होती. घरात फ्रीज-गाडी दिसली की रेशन बंद, असं जो तो सांगत होता. आमच्याच गल्लीत जीप आली म्हटलं की अर्धं सामान मळ्यात जायचं. मी दुकानात म्हटलं होतं, घरं बघायला आलोय. हे घर पोराला सांभाळायला कसं नालायक आहे, हे आईबाप जिवाच्या आकांतानं सिद्ध करत होते, आणि त्याला मी कारण होते.

मॅडमनी शेवटी जपून विचारलं, "घरात मुलं?"

आईचा चेहरा एकदम बदलला. शेजाऱ्यांना त्यांनी सांगितलं होतं की मुलगा बेळगावला हॉस्टेलात राहून अभ्यास करतोय. तिनं आक्काकडं चोरून बघितलं. "एक हाय. हॉस्टेलला. तितंच बरा हाय तो. न्हाय येत एवढ्यात."

मॅडमचं पेन तिथं थांबलं. "तिथंच बरा?" त्यांनी हळूच विचारलं.

"व्हय," आई म्हणाली, आणि या वेळी पदर खराच डोळ्याला लागला.

मला राहवलं नाही. मी उभी राहिले. माझा आवाज अशा वेळी फार बारीक होतो. "काकू, आम्ही रेशनवाले नाही."

सगळ्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग आक्का म्हणाली, "रेशनवाले असंच म्हनत्यात."

"खरंच नाही हो!"

"मागल्या खेपंला एक आलता, तो म्हनला मी डासांचा. बाटलीत पानी भरून नेलं आनि कार्डं गेली."

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्याकडं दुसरा पुरावा नव्हता. ओळखपत्र काढावं तर त्याच्यावर सगळंच छापलेलं. मी हताश होऊन अंगणात आले आणि एका वायरीला अडखळून तोंडावर पडले.

वायर खिडकीतून निघाली होती आणि अंगणातून सरळ कडब्याच्या गंजीत शिरली होती. सगळे धावत बाहेर आले. मी पालथी पडल्या पडल्या ऐकत होते. गंजी गुणगुणत होती. मधेच तिनं एक झटका दिला आणि पुन्हा गुणगुणायला लागली.

"अय्यो," मॅडम म्हणाल्या, आणि पुढचं सगळं कन्नडमध्ये.

"उंदरं हायती," वडील म्हणाले.

मॅडमनी दोन पेंढ्या बाजूला केल्या. आत लाल रंगाचा, फुलाफुलांचा फ्रीज उभा होता. त्याच्या डोक्यावर टीव्ही, टीव्हीच्या डोक्यावर मिक्सर. फ्रीज बंद का नाही केला, असं मी पुढं कधीतरी मुलाच्या आईला विचारलं. "दूध नासलं असतं की," ती म्हणाली.

पण त्या वेळी झालं ते असं, की फ्रीज बघितला आणि शेजारी एकमेकांकडं बघायला लागले. ह्यांचा सापडला, आता पाळी आपली. एक जण म्हणाला, "माझी म्हस सुटली वाटतं." दुसऱ्याला दूध उतू जाण्याची आठवण झाली. आक्का तर काही न बोलताच पदर खोचून पळाली. बघता बघता अंगणात आम्ही चौघंच उरलो.

मॅडमनी फाटक लावलं आणि अगदी हळू आवाजात सांगितलं, आपण कोण आहोत, कुणासाठी आलोय, आणि आत्तापर्यंत घरच्यांनी काय काय लिहून घ्यायला लावलंय.

आईनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. मग हात काढले आणि नवऱ्याला एक धपाटा घातला. "पडून असतोय म्हनं! दोन एकर तमाखू कोन करतंय मग? सांगा की बाईंना! खोकत काय बसला!"

वडिलांचा खोकला तिथंच बरा झाला. त्यांनी आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घातला. मग दोघांनी मिळून आम्हाला घर दाखवायला सुरुवात केली, आणि आता ते थांबेनात. ही पोराची गादी. ही दुसरी गादी. हे तांदूळ, पोत्यात हात घालून बघा. हे मटण. पंखा लावून दाखवला. नळ सोडून दाखवला. वडील शेजारच्या गोठ्यातून एक इस्त्री आणि कूकर घेऊन आले. आई म्हणाली, "आवो, ते आपलं न्हाय!" तर ते म्हणाले, "असू दे, दिसंल बरं." त्यांनी म्हशीचं दूधसुद्धा मॅडमसमोर काढायला घेतलं होतं. मॅडम सारख्या "पुरे, पुरे" म्हणत होत्या.

शेवटी वडिलांनी मागल्या दारातून मोटरसायकल आणली, ताडपत्री ओढून काढली आणि छाती पुढं काढून म्हणाले, "गाडीबी हाय!"

"किल्ली कुठं असते?" मॅडमनी विचारलं.

"हितंच की, खुंटीला. कुनीबी घ्यावी."

आईनं कपाळावर हात मारला. मॅडमनी वही मिटली. "अण्णा, बाकी सगळं बाहेर असू द्या. किल्ली तेवढी लपवा."

वडील ओशाळून हसले. मग मॅडम पायरीवर बसल्या आणि त्यांनी खरा प्रश्न विचारला. "मंडळासमोर तुम्ही म्हणालात, ठेवा तिथंच. अजून तेच म्हणणं आहे?"

वडील म्हशीकडं बघत राहिले. "धार काढायला बी कोन न्हाय," ते म्हणाले. "त्याच्या हातालाच पान्हवती ती. मला लाथ मारत्या."

"म्हशीचं नाही विचारत, अण्णा."

"सरळ बोला की वो एकदा," आई म्हणाली.

"पायजे," वडील म्हणाले. एवढंच. पण ते म्हणताना त्यांनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीनं असं तोंड पुसलं की मी वायर गुंडाळायचं नाटक करत बाजूला गेले. मॅडमनी आधीची पानं रद्द करून सगळं नव्यानं लिहिलं. मुलानं महिन्यातून एकदा आपल्याकडं यायचं, संध्याकाळी वडिलांनी त्याला शेतावर सोबत घ्यायचं, असं दोघांना समजावून सांगितलं. निघताना आईनं आम्हाला जेवूनच जा म्हणून आग्रह केला. मॅडमनी ताक घेतलं. मी मटण खाल्लं. नियमात बसतं की नाही मला माहीत नाही, पण मॅडमनी माझ्याकडं पाठ फिरवली होती.

त्याच आठवड्यात मंडळासमोर तारीख होती. निकाल कन्नडमध्ये वाचला. आईला कळला, कारण तिचं माहेर चिकोडीकडचं, कानडी बोलणारं. वडील आपले हात जोडून तसेच उभे, कुणीतरी आता आपल्याला काही विचारेल म्हणून. आईनं त्यांची बाही ओढली. "चला की. दिला पोरगा."

मी त्यांना सोडायला स्टँडवर गेले होते. बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते. मुलगा आईच्या पलीकडं बसला होता. आईनं विचारलं, "भाकरी आनल्या, खातोस?" तो म्हणाला, "भूक न्हाय." तिनं तरी डबा उघडला. पहिली भाकरी त्यानं नको नको म्हणत घेतली. बस सुटेपर्यंत डब्यात काही उरलं नव्हतं, आणि वडील मधल्या आईला ओलांडून त्याच्यापुढं पाण्याची बाटली धरून बसले होते.