साखर वाढली की अर्धा तास आधी

त्या दिवशी पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर ‘सुप्रभात’ आलं नाही. मी सहाला उठले, सवयीने फोन पाहिला, उगवत्या सूर्याचं ते चित्र दिसलं नाही, आणि मला कळलं की मधुकर भाऊजी गेले. हॉस्पिटलात एका हाताला सलाईन असतानाही आदल्या दिवसापर्यंत त्यांनी तो संदेश चुकवला नव्हता. दहा मिनिटांनी ताईचा फोन आला. “मालू, हे गेले ग,” एवढंच ती म्हणाली. तिकडे ग्रुपवर कुणीतरी लिहून मोकळं झालं होतं, ‘आज साहेबांचा मेसेज नाही, उठायला उशीर झाला.’ त्यांच्या मरणाची पहिली नोंद ही अशी झाली. याला आता दीड महिना होईल, माझा राग उतरलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असतं हे मला ठाऊक आहे. ते काम मंडळाने केलं आहे, मी उरलेलं लिहिते.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही दोघी बहिणी अमरावतीच्या. ते विम्याच्या कंपनीत अधिकारी, बदली होऊन जयपूरला आले आणि शास्त्री नगरात घर घेऊन इथलेच झाले. पुढे माझ्या नवऱ्याची रेल्वेतली बदलीही इथेच झाली आणि आम्ही मालवीय नगरात राहू लागलो. माणूस हुशार, हाताचा स्वच्छ, अडल्यानडल्याला धावणारा. पण त्यांना गर्व होता तो यातल्या कशाचाच नाही. गर्व होता झोपेचा... म्हणजे न घेतलेल्या झोपेचा. “चार तास. बस!” असं म्हणून ते चार बोटं वर करायचे, जणू युद्धात चार गोळ्या झेलल्या होत्या. रात्री बारापर्यंत मंडळाचा पत्रव्यवहार आणि पहाटे चारला पाय जमिनीवर. माणसांची पारख ते उठण्याच्या वेळेवरून करायचे. “तो? तो सातला उठतो,” असं म्हणाले की त्या बिचाऱ्याचा निकाल लागला. निवृत्त होताना ऑफिसच्या लोकांनी मोठ्या प्रेमाने जयपुरी रजई दिली, मऊ, हलकी, गुलाबी बुट्ट्यांची. भाऊजी म्हणाले, “हे आळशांचं काम,” आणि ती चेनच्या प्लास्टिक पिशवीसकट कपाटावर गेली. ताई रोज त्यांच्या पंधरा मिनिटं आधी उठून चहा ठेवायची. तिची झोप किती होते, हे मात्र कधी कुणी बोटांवर मोजून दाखवलं नाही.

पन्नाशी ओलांडल्यावर त्यांना साखर निघाली. भाऊजींनी ती खात्याच्या परीक्षेसारखी अंगावर घेतली. बासुंदी सुटली, श्रीखंड सुटलं, मिठाईच्या दुकानावरून जाताना मान वळवणं सुरू झालं. कारल्याचा रस, मेथीदाणे, जांभळाच्या बियांची पूड, सगळं वेळच्या वेळी. तरी साखर हटेना. तपासणीला मी आणि ताई बरोबर होतो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “अंकलजी, सोते कितना हैं?” भाऊजींनी चार बोटं वर केली आणि कौतुकाची वाट पाहत बसले. आयुष्यात पहिल्यांदा ते आलं नाही. बाईंनी लेखणी खाली ठेवली आणि शांतपणे समजावलं, की झोप रोजच्या रोज अपुरी राहिली की शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, साखर रक्तातच फिरत राहते, वर भूक खवळते. घराण्यातला दोष, वजन, खाणं ही कारणं आहेतच, पण त्यावर असं जागणं म्हणजे आगीत तेल. “नींद भी दवाई है, अंकलजी,” त्या म्हणाल्या. बाहेर येताच भाऊजी म्हणाले, “दवाखाना उघडून बसली अन् अंगाई शिकवून राहिली!” मी हसले. हो, मी हसले.

मग त्यांनी काय करावं? चालणं वाढवायचं म्हणून अर्धा तास आधी उठायला लागले. चाराचे साडेतीन झाले. पुढच्या तपासणीत साखर आणखी वाढलेली, म्हणून साडेतिनाचे तीन. साखर वाढली की हा माणूस अर्धा तास आधी उठायचा! संदेश तेवढा चार वाजून दहा मिनिटांनीच, मंडळाला झेपावं म्हणून. मंडळानेही टाळ्या वाजवल्या, ‘साहेबांची शिस्त बघा.’ गजर लावून उठायचं, ‘सुप्रभात’ला हात जोडायचे आणि परत पांघरुणात शिरायचं, हा ग्रुपवरच्या निम्म्या भक्तांचा कार्यक्रम मला चांगला माहीत आहे. ताई मात्र परत पांघरुणात शिरत नव्हती. तिचा चहा आता पावणेतीनला चढायचा.

एकदा मंडळाची सहल कानोत्याला धरणावर गेली होती. दाल-बाटी होईपर्यंत भाऊजींनी सतरंजीवर बसून शिस्तीवर भाषण सुरू केलं आणि एका वाक्याच्या मध्येच... झोपले. हे नवं नव्हतं. सत्यनारायणाच्या कथेत, न्हाव्याच्या खुर्चीत, सिग्नलला थांबलेल्या गाडीत, कुठेही त्यांची मान पडायची आणि आम्ही सगळे न पाहिल्यासारखं करायचो. मंडळाचे सेक्रेटरी सबनीस फोटो काढायला निघाले, मी त्यांचा हात ढकलला. भाऊजींचं तोंड जरासं उघडं होतं, कपाळावरची आठी गेली होती. इतका सुखी चेहरा मी त्यांचा जागेपणी कधीच पाहिला नव्हता. त्या अर्ध्या तासात मला त्यांची फार माया आली. जागे झाल्यावर ते म्हणाले, “डोळे मिटून विचार करून राहिलो होतो.” सगळ्यांनी माना डोलावल्या, मीसुद्धा.

शेवटी नवे बूट चावले. साखरेने पायाची जाणीव गेलेली, अंधारात चालायचं, फोड आला हे कळलंच नाही. मोज्यावरचा डाग ताईने पाहिला तोवर जखम आत गेली होती. तीन आठवडे हॉस्पिटल. मी शेवटची भेटले तेव्हा कुजबुजत म्हणाले, “मालू, इथली नर्स साडेपाचला येते. काही शिस्त नाही.” नुसत्या जागण्याने ते गेले असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या नाहीत, मीही म्हणत नाही. पण सांगितलेल्या औषधांतलं हे एकच घ्यायला त्यांना लाज वाटली, आणि ती लाज त्यांच्यात आम्ही सगळ्यांनी मिळून रुजवली होती.

शोकसभेत सबनीस बोलायला उभे राहिले. “ते झोपले नाहीत, म्हणून मंडळ जागं राहिलं!” मग त्यांनी जाहीर केलं की साहेबांच्या स्मरणार्थ ‘सुप्रभात’ त्याच वेळी चालू राहील, आणि ते पाठवतील वहिनी. टाळ्या. ज्या बाईची साखर गेल्या हिवाळ्यातच काठावर आली आहे, जिला डॉक्टरांनी हात धरून सांगितलं आहे की आंटीजी, आता तरी पुरेसं झोपा, तिच्या गळ्यात या शहाण्यांनी नवऱ्याचा गजर बांधला. आणि ताईने मान डोलावली. एकाच्याही मनात आलं नाही की आपण हे काय करतोय.

आठ दिवस तो सूर्य ताईच्या फोनवरून उगवत राहिला. नवव्या दिवशी दुपारी मी शास्त्री नगरात गेले. ताई जेवणाच्या टेबलाशी बसल्या बसल्या पेंगत होती, पुढे दोन कप. “दुसरा कुणाचा?” मी विचारलं. “ठेवला जातो ग,” ती म्हणाली. मग माझा तोल गेला. म्हटलं, “भाऊजी गेले, आता तू पण त्याच रस्त्याने जाणार आहे का? मला एकच बहीण आहे!” तिने दुसरा कप बाजूला सारला. मग हळूच म्हणाली, “हे गेले अन् मी लगेच झोपा काढायला लागली, लोक काय म्हणतील?... आणि खरं सांगू मालू, मला पस्तीस वर्षं नुसती झोप येऊन राहिली आहे.”

मी स्टुलावर चढून कपाटावरची पिशवी काढली. चेन गंजली होती, दोघींनी ओढून उघडली. रजईला नव्या कापसाचा वास तसाच होता. त्या रात्री मी तिथेच राहिले. नऊ वाजता ताई पलंगावर भाऊजींच्या जागी, त्यांच्या उशीवर आडवी झाली, रजई गळ्यापर्यंत ओढली आणि तिने आपला फोन माझ्या हातात दिला.

सकाळी सव्वासातला तो वाजला. सबनीस होते, घाबरलेले.

“आज वहिनींचा मेसेज नाही आला! मतलब... सगळं ठीक आहे ना?”

मी दारातून आत पाहिलं. गुलाबी बुट्ट्या संथपणे वर-खाली होत होत्या. ताईचं तोंड जरासं उघडं होतं.

“ठीक आहे,” मी म्हणाले. “ती झोपली आहे.”