अप्पांचा साईं

देवाशी बोलायलाही शिक्षण लागतं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर, बी.कॉम. तो माज मी भक्ती समजून वागवला, म्हणून हे लिहिताना मान वर होत नाही.

माझे वडील, अप्पा, उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात एका सिंधी शेठकडे पॉलिशचं काम करायचे. तिथे शेठ गिऱ्हाइकाला साईं म्हणतो, गिऱ्हाईक शेठला साईं म्हणतं, आपण अहो म्हणतो तसं. बावीस वर्षांत तो शब्द अप्पांच्या तोंडात बसला. घरी, कात्रपला, आमच्या बिल्डिंगचा वॉचमन साईं, दूधवाला साईं. दर सोमवारी कामावर जाताना ते अंबरनाथला उतरून शिवमंदिरात जात आणि पायऱ्या उतरून गाभाऱ्यात पोचले की मोठ्याने म्हणत, "साईं, आलो बरं का." मग घरातलं सगळं सांगत. आईचे गुडघे, माझे पेपर. मागणं काही नसे. बिल्डिंगमधल्या लोकांनी त्यांना शिर्डीचे भक्त ठरवून पालखीच्या वर्गणीला दोनदा गाठलं, तेव्हा आई पोट धरून हसली होती.

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलाकडच्यांना आम्ही त्या देवळात नेलं. अप्पा नेहमीसारखे बोलले, "साईं, आलो बरं का. पोरीला बघायला आलेत, माणसं बरी दिसतात." मुलाची आई हसून म्हणाली, "अहो, हे महादेव आहेत, साईबाबा नव्हेत." त्यांच्या हसण्यात काही वाईट नव्हतं. पण माझे कान तापले. घरी आल्यावर मी अप्पांना म्हणाले, "दुकानातली भाषा देवासमोर नको. लोक हसतात."

ते नखातलं पॉलिश खरवडत बसले होते. "बरं बाई. तू शिकलेली," एवढंच म्हणाले.

त्यानंतर ते देवळात हात जोडून गप्प उभे राहू लागले. मी वडिलांना सुधारलं, असं मला वाटलं. खरंच वाटलं.

माझ्या लग्नानंतर तीन वर्षांनी त्यांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, वाचा गेली. उल्हासनगरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बोलणं परत येईल किंवा येणारही नाही. ते एकदा तरी बोलावेत, एवढंच मला हवं होतं, कारण देवळात त्यांना गप्प केल्याचं आता सलत होतं आणि त्याची माफी मागायची राहिली होती. आठ दिवस मी त्यांच्या कानाशी महादेवाचं स्तोत्र म्हटलं, शुद्ध उच्चारात, एकही जोडाक्षर न चुकवता. ते भिंतीकडे तोंड फिरवायचे. आपण काय करतोय हे मला तेव्हाही कळलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको, म्हातारी सिंधी बाई, थर्मास घेऊन आली. जाता जाता तिने अप्पांकडे पाहिलं आणि सहज विचारलं, "साईं, चाय लोगे?"

अप्पांनी मान वळवली. ओठ हलले, बराच वेळ नुसती हवा निघाली. मग आवाज आला, "साईं... आलो..."

माझ्या हातातली पोथी खाली पडली. "बोलते तो हैं," ती बाई मला म्हणाली, "तूच बोलू देत नसशील." तिने थट्टा केली होती. मी मात्र मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी ती खाट रिकामी होती, मी तिचं नावही विचारलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, सवयीचे शब्द कधीकधी आधी परत येतात. तसं असेलही, मी वाद घालत नाही. पण मी जो शब्द काढून घेतला होता, तोच कोणाच्या तरी हातून परत पाठवला गेला.

पुढे अप्पा दोन वर्षं होते. मोजके शब्द यायचे. एकदा त्यांचे पाय चेपताना मी म्हणाले, "अप्पा, माझं चुकलं." ते म्हणाले, "साईं... चहा टाक." देवाला हाक मारायचे तीच हाक त्यांनी मला मारली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं आणि चहा टाकला.

आता सोमवारी शिवमंदिरात मी जाते. पहिल्या वेळी मागे एक इस्त्रीच्या साडीतली बाई उभी होती, म्हणून माझा आवाज फुटलाच नाही. लाज अशी चिवट असते. गेल्या सोमवारीही मागे कोणीतरी होतं. मी डोळे मिटले आणि अप्पांच्या पट्टीत म्हणाले, "साईं, आले बरं का." मागे कोणीतरी हसलं. मी पुढे घरातलं सगळं सांगितलं.