चांद्याच्या मुलांचा प्रणाम

नादरूपाने चराचर व्यापून राहिलेल्या परमेश्वराला साष्टांग वंदन करून हे लिहावयास बसलो आहे. आज सकाळी घरी माझ्या सहस्रचंद्रदर्शनाचा विधी यथासांग पार पडला. मुले, सुना, नातवंडे एकेक करून पाया पडली. थोरला मुलगा वाकला तेव्हा मात्र मी पाय मागे घेतले. त्याचे कारण घरात त्याच्यावाचून कोणालाही ठाऊक नाही, आणि तो ते कधी सांगणार नाही. म्हणून मीच सांगतो.

विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि चंद्रपूरला सारे चांदाच म्हणत. तेथील एका शाळेत मी संस्कृत शिकवीत असे. हा मुलगा नागपूरहून पदवी घेऊन परतला आणि त्याच शाळेत संगीत शिकवू लागला. वय तेवीस. घुग्घुसच्या कोळसाखाणीवर एक वृद्ध गोरे अभियंते होते. त्यांच्या फोनोग्राफवर त्याने मागील शतकातील एका जर्मन संगीतकाराची सिम्फनी ऐकली. चार भागांची, शंभराच्या आसपास वादकांनी मिळून वाजवावयाची ती दीर्घ रचना. त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागेना. अभियंत्यांनी मायदेशी परतताना तिच्या स्वरलिपीचा ग्रंथ त्याला देऊन टाकला. वर्षभर खपून त्याने तो सारेगममध्ये उतरविला. प्रत्येक वादकाची वही निराळी.

वादक म्हणजे शाळेतलीच चाळीस मुले-मुली. सहा व्हायोलिने, चार पेट्या, दोन दिलरुबा, पोलीस बँडकडून मागून आणलेल्या क्लॅरिनेट, आणि बाकी सगळ्या बासऱ्या. नगाऱ्यांचे काम गडचिरोलीकडून वसतिगृहात आलेल्या गोंड मुलांनी आपल्या ढोलांवर पत्करले होते. सराव सुरू होण्यापूर्वी ते ढोल उन्हात ठेवून कातडे ताणून घेत.

मला ते रुचले नव्हते. एकाच वेळी चार स्वरावल्या चार दिशांनी धावतात, हा मला कलह वाटे. मी तसे बोलूनही दाखवी. तो हसून म्हणे, "बाबा, एकदा शेवटपर्यंत ऐका. शेवटी त्या सगळ्या एका घरी येतात."

"माझी संध्या, माझे पाठ. मला वेळ कुठला?" मी म्हणे.

मुंबईला पाश्चात्त्य संगीताचे एक आचार्य होते. वाद्यवृंदाचे संचालन शिकण्यासाठी ते त्या वर्षी एकच शिष्य घेणार होते. मुलाच्या पत्राला त्यांनी उत्तर पाठविले होते की, अखेरचा भाग सलग वाजविलेला ऐकवा, मग पाहू. ध्वनिमुद्रणाचे यंत्र चांद्यात कोठून असणार? पण अहेरीकडच्या जंगलात गोंडी गाणी मुद्रित करून एक नागपूरकर गृहस्थ परतत होते. त्यांच्यापाशी एक कोरी फीत उरली होती. दुपारच्या गाडीपूर्वी ते शाळेत थांबतील आणि पुढे मुंबईला जाताना फीत आचार्यांना पोहोचवतील, असे ठरले.

येथे माझ्या शाळेतील एक शिस्त सांगितली पाहिजे. गुरू दारात दिसताच हातातले खाली ठेवावे, उभे राहावे, हात जोडावे आणि एका स्वरात "प्रणमामो वयम्" म्हणावे. वीस वर्षे मी हे मुलांच्या अंगी मुरविले होते. जो उशिरा उठे, त्याला तासभर उभे ठेवी. तपासनीस येत तेव्हा या प्रणामाचे कौतुक होई, आणि मला त्याचा अभिमान होता.

त्या दिवशी मुलाने सगळ्यांना बजावले होते की, वादन चालू असता सभागृहात कोणीही येऊ नये. पुढच्या दाराशी शिपाई बसविला होता. मला त्याने काही सांगितले नाही, कारण मी येणार नाही असे मीच सांगून टाकले होते.

पहिल्या प्रयत्नात व्हायोलिनची तार तुटली. दुसरा सुरू झाला तेव्हा गाडीला जेमतेम अर्धा तास होता. मी शाळेलगतच्या आमच्या घरी पूजा आटोपून बसलो होतो. वाऱ्यावरून ते स्वर आले, आणि का कोण जाणे, पहिल्यांदाच मला त्यांत कलह ऐकू आला नाही. पोराने वर्षभर बोलावले आणि आपण गेलो नाही, हे आठवले. देवापुढची साखर द्रोणात घेऊन मी निघालो आणि व्हरांड्यातून मागच्या दाराने सभागृहात पाऊल टाकले.

मुलाची पाठ माझ्याकडे होती. मुलांची तोंडे माझ्याकडे. वादन अगदी हळू झाले होते. चाळीस वाद्ये मिळून एकच श्वास घेत होती. मुलांनी मला पाहिले. व्हायोलिनचे गज खाली ठेवले गेले, बासऱ्या खाली ठेवल्या गेल्या. एक दिलरुबावाली मुलगी डोळे मिटून क्षणभर एकटीच वाजवीत राहिली, मग तीही उठली. आणि स्पष्ट, निर्दोष उच्चारांत चाळीस कंठ म्हणाले, "प्रणमामो वयम्."

मुलाचे दोन्ही हात तसेच हवेत राहिले होते.

"अरे बाप्पा!" यंत्रावरचे गृहस्थ ओरडले. "काऊन उठले रे पोट्टेहो? हे काय करून राह्यले?"

"गुरुजी आले नं जी," ढोलावरचा मुलगा म्हणाला. आपले काय चुकले हे त्याला उमगतच नव्हते.

बाहेरून टांगेवाला हाका मारू लागला, "चला जी साहेब! गाडी काय तुमच्यासाठी थांबते का?"

मुलगा वळला. मला वाटले, आता बोलेल. तो आला, वाकला, आणि त्याने माझ्या पायांवर डोके ठेवले. माझ्या जिभेने सवयीप्रमाणे "आयुष्मान् भव" म्हटले. त्या आशीर्वादाची मला आजही लाज वाटते.

अर्धी फीतच मुंबईला गेली. महिन्याने आचार्यांचे पत्र आले: जो वादकांना शेवटपर्यंत नेऊ शकत नाही, त्याच्याविषयी मत देता येत नाही, जागा दुसऱ्यास दिली आहे.

"मी लिहितो त्यांना," मी म्हणालो. "चूक माझी आहे."

"काय लिहाल, बाबा? मुलांनी तुम्हाला मान दिला, असं? ती माझी चूक ठरते, तर ठरू द्या." आणि त्याने पत्राची घडी घातली.

पावसाळ्यापूर्वी त्याने खाणीवर कारकुनी धरली. निवृत्तीपर्यंत तेथेच राहिला. त्यानंतर वाद्यवृंदापुढे त्याने हात उचलले नाहीत.

शाळा उघडली तेव्हा मुले माझ्याभोवती जमली. "सर कुठी गेले जी?" त्या दिलरुबावाल्या मुलीने विचारले, "आमी उठलो म्हून गेले का?"

खरे उत्तर ओठांवर होते. मी म्हणालो, "त्यांना चांगली नोकरी लागली," आणि शब्दरूपावली उघडावयास सांगितली. त्या चाळीस जणांनी तो भार आपल्या मनावर घेतला असेल काय, हे मी कधी विचारले नाही.

बाळांनो, तुम्ही आता नातवंडांचे धनी झाला असाल. तुमच्या हातून काहीही चुकले नव्हते. मी शिकविले तेच तुम्ही केलेत. नको त्या वेळी दार उघडणारा मी होतो. हे ज्यांच्या हाती पडेल त्या वाचकांच्या घरी मुलांचे स्वर शेवटापर्यंत पोहोचोत, वडीलधाऱ्यांना दाराबाहेर थांबून ऐकण्याची बुद्धी होवो, आणि त्यांच्या लेकीसुनांवर, गोठ्यातील गुरांवर, पेरल्या शेतावर भगवंताची कृपा अखंड राहो.