न थांबणारी चरखी

अन्याय माझ्या वडिलांवर झाला. आम्ही त्यांना आबा म्हणतो. दिवाळीनंतरचा पहिला शनिवार, दुपारी साडेतीन, जळगावातलं मासेमारीच्या सामानाचं दुकान. मी अकरावीत होतो. वेळ नेमकी सांगतो, कारण असल्या गोष्टी ‘झालं असेल कधीतरी’ म्हणून पुसायची आपल्याकडे पद्धत आहे.

आबांचा उजवा अंगठा कापसाच्या जिनिंगमध्ये मशीनच्या पट्ट्यात गेला होता. त्याआधी ते हातानेच गळ फेकत. आता सुटणारा दोरा बोटांत धरवेना, आणि डावा हात फेकताना वळत नसे. म्हणून गळाच्या काठीवर आडवी बसणारी, दोरा गुंडाळायची चरखी घ्यायची होती. गळ फेकला की तिची फिरकी स्वतः गरगरते, ती अंगठ्याने दाबून थांबवावी लागते. आतला ब्रेक चांगला असला तर ती आपोआप थांबते, नवख्यालाही जमते. तशी हवी होती, आणि आमच्या ऐपतीतली.

आमच्या आधी पांढऱ्या बुटांतला एक साहेब होता. दुकानदाराने चरखी त्याच्या हातात दिली. साहेबाने दोऱ्याला शिसं बांधून खाली सोडलं. शिसं फरशीला टेकलं आणि फिरकी तिथल्या तिथे थांबली. “हीच द्या,” साहेब म्हणाला. बिल होईपर्यंत तो आमच्या शेजारीच उभा होता.

आबा म्हणाले, “मना अंगठा नई शे, भाऊ. नवा माणूसले जमी अशी दे.”

दुकानदाराने आबांचा हात पाहिला. गळ्यातला निळा रुमालही पाहिला. मग काचेआडची एक जुनी चरखी दाखवली. मी हात पुढे केला.

“लांबून बघ. काच खराब होते.”

“शिसं बांधून बघू?”

“तुझ्या आज्याने बघितली होती का चरखी? आपोआप थांबते ती.”

साहेब हसला. आबांनी चरखी घेतली.

आमचं जुनं गाव धरणात जाऊन पाच वर्षं झाली होती. आबा मासे धरायला तिथंच जात. पाण्यातून वस्तीमागच्या चिंचेचा वाळका शेंडा तेवढा वर दिसे. पहिल्या दोन्ही सकाळी शिसं पाण्यात पडल्यावरही फिरकी पळत राहिली आणि वर सैल दोऱ्याचा गुंता झाला, विंचरलेल्या केसांच्या गुंतवळासारखा. तो मी सोडवत बसलो.

तिसऱ्या सकाळी धुकं होतं. वारा नव्हता. आबांनी गळ फेकला. शिसं पडल्याचा आवाज आला, पण फिरकी थांबली नाही. गुंताही झाला नाही. दोरा सरळ, एका लयीत, खाली जात राहिला. तिथे पाणी दोन पुरुष खोल असेल. त्याच्या कितीतरी पट दोरा गेला.

“आबा, तळ लागला नाही?”

“आपली हिर शे तठे,” आबा म्हणाले. वस्तीची विहीर. आमच्या लोकांनी स्वतः खणलेली. “कोन्ही तरी पानी ओढी ऱ्हायनं.”

ते हसून म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते हसले नाहीत. दोरा संपला, ताणला गेला, आणि आबा काठी धरून पाण्यात उतरले. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. मी हाका मारत होतो आणि त्यांना त्या ऐकूच येत नव्हत्या. मी सदरा धरून ओढलं, दोरा दातांनी तोडला. आबा काठावर कोसळले. काठी मांडीवर, आणि रिकामी फिरकी फिरतच होती.

सायकल दुरुस्तीवाल्याने चरखी उघडली. ब्रेकचे तुकडे आतून काढून घेतलेले होते. मी चरखी घेऊन दुकानात गेलो, याचं पत्रक छापून वाटीन म्हणालो. दुकानदार म्हणाला, “मासे धरायला अंगठा लागतो पोरा, पत्रकं नाही.”

ब्रेकचं कळलं. दोरा कोण ओढत होतं ते अजून कळलेलं नाही. आबा आता पाण्याकडे पाठ करून जेवतात. तांब्यातलं पाणीही डोळे मिटून पितात.

दुकानदाराला मी ओळखून आहे. मला बोलायचंय तुमच्याशी, ज्यांच्या हातात माल बिनबोभाट दिला जातो. शेजारच्या माणसाला तोच माल लांबून दाखवला, तर आपला काउंटरवर परत ठेवा. “आधी त्याच्या हातात द्या,” असं दुकानदाराला म्हणा. मोठ्याने म्हणा.